दीड वीत वर

मी खिळा बोलतोय. पितळेचा, बोटभर लांब, डोकं जुन्या रुपयाएवढं. माझी बहुतेक हयात पाण्याला गाल लावून गेली, म्हणून आज मंठा गावात एका कोरड्या मातीच्या भिंतीत बसलो असतानाही दुपारची सामसूम झाली की मला भिंत हलल्यासारखी वाटते. दारातलं ऊन थरथरतं, त्याच्या लाटा होतात, आणि मी जागेपणी गंगेत उतरतो. आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. मग शेजारी कुणीतरी घागर आदळतं आणि मी परत भिंतीत येतो. असं अर्धं झोपेत, अर्धं शुद्धीत मला सगळं आठवतं; तेव्हा सांगणं थोडं वाहत गेलं तर सांभाळून घ्या.

जन्म जालन्याच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत. तिथून लोखंडसामानाच्या दुकानात आलो. दुकान ही मोठी शाळा. तिथं मी शिकलो ते एवढंच, की गिऱ्हाईक आधी वस्तू बघत नाही, दुकानदाराचं तोंड बघतं. कुणी बिजागरी घ्यायला यायचं आणि सासूची गाऱ्हाणी सांगून कुलूप घेऊन जायचं.

एके दिवशी शहागडचा भिवा भोई आला. उंच, काळा, हातापायांना पाण्याचा वास. त्यानं मला उचललं, जिभेला लावून बघितलं.

"शेठ, पाण्यात काळा तर पडणार न्हाई ना?"

"काळा पडला तर माझ्या डोक्यात ठोक," शेठ म्हणाले.

"तिथं कशाला ठोकू? तिथं जागा रिकामीच हाय, धरायचा न्हाई."

सगळं दुकान हसलं, शेठही हसले, आणि मी भिवाच्या पागोट्यात खोचला जाऊन गंगेवर आलो.

तेव्हा शहागडला पूल नव्हता. इकडची माणसं तिकडं न्यायची ती भिवाच्या नावेनं. भिवाला अंक येत नव्हते. वीसच्या पुढं तो "लई" म्हणायचा. पण पाण्याचा हिशेब त्याला बोटांच्या पेरांवर ठाऊक. मला कुठं ठोकायचं यासाठी त्यानं तीन दिवस घेतले. वाऱ्याचे दिवस निवडले. गावातली माणसं, पोती, एकदा तर दोन शेळ्या नावेत घालायचा, मधल्या डोहापर्यंत जायचा, लाट काठाशी किती चढते ते बघायचा, परत यायचा, एक माणूस उतरवायचा, पुन्हा जायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं नावेच्या बाहेरच्या अंगाला, काठाच्या बरोबर एक वीत खाली मला ठोकलं. म्हणाला, "खिळा भिजला की माणूस बंद. मंग माझा बाप आला तरी बंद."

आणि तो बोलल्याप्रमाणं वागला. एकदा वऱ्हाड आलं. सगळे बसले आणि पाणी माझ्या ओठाला लागलं. भिवा म्हणाला, एक जण उतरा. नवरदेवाचा मामा होता. एकटाच दोघांच्या मापाचा. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, तसा तो रुसला. "मी उतरलो तर लग्नच उतरलं समजा!" शेवटी नवरदेव खाली उतरला आणि मामा पलीकडं गेला. नवरदेव बाशिंग बांधून दुसऱ्या खेपेला आला. मुहूर्त टळला, पण संसार चांगला झाला म्हणतात. मामाला मात्र त्या गावात "नावेतला नवरदेव" हे नाव पडलं ते कायमचं.

भिवा गेला. नाव त्याच्या मुलाकडं, कडूबाकडं आली. कडूबा बापासारखाच, जरा अबोल. त्याची बायको साळूबाई मात्र बोलक्या तोंडाची. सासरा गेला त्याच्या वर्षश्राद्धाला तिनं नावेची पूजा केली आणि जाता जाता माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं. "मामंजींचा जीव ह्याच्यात व्हता," म्हणाली. पुढच्या वर्षी शेजारणीनं हळद आणली. मग कुणाचं लेकरू तापातून उठलं, तिनं नारळ फोडला. दोनचार वर्षांत मी "गंगामाईचा डोळा" झालो. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटायला लागलं. दुकानात असताना मी ढिगातला एक होतो. आता बाया माझ्यापुढं पदर पसरत होत्या. माप असतो तेव्हा माणसं आपल्याकडं बघतात. देव झालो की डोळे मिटतात. हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढं पूल झाला. नाव आडवी पडली. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि गंगाच आटली. मी वाळूत, उन्हात. नावेच्या फळ्या सुकून त्यांच्या फटीतून आरपार दिसायला लागलं. कडूबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला, महिनोन्‌महिने तिकडंच. त्या वाळूत मला रोज पाण्याचं स्वप्न पडायचं. पाणी यायचं, माझ्या हनुवटीपर्यंत चढायचं आणि थांबायचं. तिथंच थांबायचं, वर नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात काकासाहेब आले. महामार्गावर त्यांचं हॉटेल. मोटारी थांबायच्या, माणसं चहा पिऊन निघून जायची. काकासाहेबांच्या डोक्यात आलं, पाऊस झाला की इथं नावेची सैर सुरू करावी. मधल्या बेटापर्यंत न्यायचं, अर्ध्या तासात परत आणायचं. त्यांनी नाव दुरुस्तीला काढली. नावा बांधणारा जुना मिस्तरी मेला होता, म्हणून काम गावच्या रखमाजी सुताराकडं आलं. रखमाजीचा हात बैलगाडीवर बसलेला. त्यानं खालच्या फळ्यांत कापूस आणि डांबर इमानानं भरलं. वर काठाला दीड वीत रुंदीची नवी फळी लावली, शहरातल्या माणसांच्या अंगावर पाणी उडू नये म्हणून. आत उंच बाकं केली. नव्या फळीच्या सांध्यात मात्र त्यानं नुसता रंग भरला. "एवढ्या वर पाणी कशाला येतंय?" म्हणाला. खरंच होतं ते. मी जिथं होतो तिथून पाणी तेवढं वर येऊच दिलं नसतं.

मग काकासाहेब म्हणाले, "रखमाजी, बाहेरून एक पायरी लाव. शहरातल्या बाया लुगड्यात उड्या मारीत न्हाईत."

पायरी लागली ती नेमकी माझ्या खाली. आता चढणाऱ्याची टाच माझ्या कपाळावर पडणार. साळूबाईनं ते बघितलं आणि ती रखमाजीपाशी आली.

"रखमाजीदादा, डोळ्याला लोकांचे पाय लागत्याल. मामंजी मला माफ करतील का? वर घ्या त्याला."

"किती वर?"

"व्हता तसाच बसवा. काठाच्या एक वीत खाली."

रखमाजीनं काठापासून एक वीत मोजली. नव्या काठापासून! मला उपटलं, जुन्या भोकात लाकडी मेख मारली, वर हिरवा रंग फासला आणि मला नव्या फळीत ठोकलं. दीड वीत वर. दोघांच्याही मनात पाप नव्हतं. रखमाजीच्या लेखी मी देव होतो, आणि देवाला कुणी मापात धरत नाही. मला ओरडावंसं वाटलं. पण खिळ्याला तोंड नाही, नुसतं डोकं असतं.

पाऊस झाला, गंगा भरली. कडूबा परत आला. नाव नवरीसारखी नटलेली. साळूबाई म्हणाली, "डोळा बी चांगल्या जागी बसवून घेतला बरं का, पाय लागत व्हते." कडूबा भाकरी खात होता. "बरं केलं," म्हणाला. मग नावेपाशी येऊन वीत लावून बघितली. काठाच्या एक वीत खाली. बराबर!

दिवाळीच्या सुट्टीत मंठ्याकडचे शिक्षक, त्यांच्या घरची माणसं, अशी एक बस सहलीला निघाली होती. शहागडला थांबली. दोन वर्षं पाण्याला तहानलेली माणसं ती. एवढं पाणी बघून हरखून गेली. एकतीस जण बसले. कडूबानं वाकून माझ्याकडं बघितलं. मी कोरडा होतो. त्यानं वल्हं उचललं.

पुढचं मला स्वप्नासारखंच आठवतं. दुपारचं पिवळं ऊन. कुणीतरी गाणं म्हणत होतं. माझ्या खाली, सांध्यात, रंगाचा पापुद्रा उकलला आणि पाणी आत निघालं. आवाज नाही, दंगा नाही, मांजर घरात शिरावं तसं. एका बाईच्या पायाला गार लागलं. ती उभी राहिली. मग सगळेच उभे राहिले, एका अंगाला धावले. उंच बाकांनी नाव कलंडली. माझ्यावरून पाणी गेलं तेव्हा मी त्या दिवशी पहिल्यांदा भिजलो, आणि तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कडूबानं पोहून पोहून माणसं काढली. पुलावरची माणसं धावली. चोवीस जण वाचले. सात जण गेले.

तीन दिवस मी तळाशी होतो. हिरवा उजेड. एक चप्पल माझ्यासमोरून फिरत फिरत गेली. डब्याचं झाकण चकाकलं आणि विझलं. वर काठावर माणसं बोलत होती, त्यांचा आवाज पलीकडच्या घरातून यावा तसा यायचा. तिसऱ्या दिवशी दोर बांधून बैलांनी नाव ओढली आणि मी पुन्हा हवेत आलो.

तोवर गावानं निकाल लावून टाकला होता. चौघांत चार कारणं. एक म्हणे, डोहात भोवरा आहे. दुसरा म्हणे, पायताणं घालून बसले म्हणून गंगामाई कोपली. काकासाहेब म्हणत, "माणसं उभी राहिली म्हणून बुडाली, नाव काय करील?" आणि बाकी सगळे म्हणत, कडूबा पिलेला होता. कडूबा आयुष्यात पिला नव्हता; पण गप्प माणसाबद्दल लोकांना काहीही खरं वाटतं.

अंबडहून नायब तहसीलदार वाघमारेसाहेब चौकशीला आले. बारीक चणीचे, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उभे राहणारे. कडूबाचा निकाल आता त्यांच्या लेखणीवर होता. पिलेला ठरला तर तुरुंग. त्याहून वाईट म्हणजे सात घरांचा शाप जन्मभर.

"किती माणसं भरली, कडूबा?"

"मोजली न्हाईत, साहेब. खिळा बघितला. कोरडा व्हता."

"खिळा?" साहेब हसले. मग त्याच्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले. "दाखवा बरं तो खिळा."

त्यांनी मला बघितलं, बोटानं चोळलं. मग म्हणाले, "नाव कमरेएवढ्या पाण्यात ढकला. एकतीस माणसं बसवा. जशी होती तशी."

कुणी पुढं येईना. बुडालेल्या नावेत कोण बसणार? तुळजाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "मुडद्यांनो, कमरेएवढ्या पाण्यात कोण मरतंय? सरका!" आणि पदर खोचून पहिली चढली. मग एकेक जण आला. साळूबाई काठावर उभी होती.

दहा झाले. वीस झाले. पाणी चढत होतं, पण माझ्यापासून लांब. पंचविसाव्या माणसाला पाणी नव्या फळीच्या सांध्याला लागलं. एकतिसावा बसला तेव्हा सांधा पाण्याखाली होता आणि मी अजून कोरडाच. वाघमारेसाहेब वाकले. आतून तुळजाबाई ओरडली, "अगं बया, बूड गार झालं!"

सगळे हसले आणि हसता हसता चिडीचूप झाले. कारण पाणी आत येत होतं.

साळूबाईनं ते बघितलं. तिचा हात तोंडावर गेला. मग तो हात तिनंच खाली घेतला.

"साहेब, खिळा तिथला न्हाई."

"म्हणजे?"

"खाली व्हता. मी वर घ्यायला लावला. पाय लागत व्हते म्हणून."

कडूबा पाण्यातच उभा होता. त्यानं बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याला तो भाकरीचा घास आठवला असावा, आणि आपण म्हणालो होतो ते "बरं केलं". तो पाणी कापत साहेबांपाशी आला.

"तिचं ऐकू नका, साहेब. बाईमाणूस, भेदरलीय. तुम्ही लिहा, मी पिल्तो."

"पिला होतास?"

"हां. लई पिल्तो. लिहा जल्दी."

"कुठं पिलास?"

कडूबाला जागा सुचेना. न पिणाऱ्याला गुत्त्याचं नाव कुठून येणार?

"गप बसा तुम्ही!" साळूबाई काठावरून कडाडली. नवऱ्याला चारचौघांत ती असं पहिल्यांदाच बोलली असेल. "सात माणसं गेली, अन्‌ त्यांच्यापुढं खोटं बोलून राह्यले? रखमाजीदादा, तुम्ही तरी तोंड उघडा."

रखमाजी पाण्यात उतरला, खिशातला चाकू काढला आणि पायरीच्या वर हिरवा रंग खरवडायला लागला. लाकडी मेख दिसली. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

वाघमारेसाहेबांनी मेखेपासून माझ्यापर्यंत वीत लावली. दीड भरली. नंतर त्यांनी कागदावर लिहिलं ते वाचूनही दाखवलं: नावाडी पिलेला नव्हता. माप सरकलं, सांधा भरलेला नव्हता, बाकं उंच होती, आणि सैरीच्या मालकानं माणसं बसवण्याआधी नाव एकदाही भार घालून तपासली नाही. काकासाहेब म्हणाले, "म्हणजे दोष माझा?" गावाकडून जुनी हकीकत ऐकलेले साहेब म्हणाले, "भिवानं एका खिळ्यासाठी तीन दिवस घेतले होते. तुम्ही किती घेतले?" काकासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. पुढं त्यांच्यावर खटला चालला. कडूबा सुटला.

मला कागदात गुंडाळून, लाखेचं शिक्कामोर्तब करून कचेरीत ठेवलं. तिथं वर्षभर होतो. अंधार, कागदाचा वास, आणि स्वप्नात तेच पाणी. ते हनुवटीला येऊन थांबत नव्हतं आता.

काम संपल्यावर साळूबाई मला मागायला आली. कारकून म्हणाला, पितळेचा एक खिळा, काय करणार? तिनं मला कमरेच्या पिशवीत घातलं आणि घरोघर निघाली. सात घरं. कडूबा बरोबर असायचा, पण दाराबाहेर थांबायचा. ती आत जायची, मला जमिनीवर ठेवायची आणि सांगायची. एका घरानं दार लावून घेतलं. एका घरी बाप्या माणसानं शिव्या दिल्या. तिनं त्या उभ्यानं ऐकल्या, संपेपर्यंत. एका घरी कुणी काहीच बोललं नाही, ते सगळ्यांत जड गेलं.

शेवटचं घर मंठ्यातलं. मालनबाईंचं. त्यांची सून बेबीनंदा शिक्षिका होती. ती त्या नावेत गेली. मागं सात वर्षांची उषा.

साळूबाईनं सगळं सांगितलं. मालनबाईंनी मला उचललं, तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं.

"एवढासाच?"

"हां."

"आमच्यात छप्पन्न सालच्या दीक्षेपासून देवाला कुंकू लावणं बंद हाय, बाई. म्हणून मला वाटत व्हतं, असली चूक आमच्या घरी व्हायची न्हाई." त्यांनी मला मुठीत धरलं. "पण तिला यायचं नव्हतं सहलीला. म्याच म्हणलं, जा पोरी. दोन वरीस पाणी बघितलं न्हाईस. डोळे भरून पाणी बघून ये."

बाहेर कडूबा खोकला. मालनबाई म्हणाल्या, "ते कोण?"

"मालक माझे."

"मंग बाहेर का? बोलाव त्यांना. चहा ठेवते." आणि उठताना म्हणाल्या, "अजून किती दारं हिंडायचीत तुला?"

"हेच शेवटचं."

"मंग हा राहू दे इथं."

साळूबाई घरी गेली तेव्हा तिची पिशवी रिकामी होती. मालनबाईंनी वरवंट्यानं मला दाराजवळच्या भिंतीत ठोकलं. कुंकू नाही, हळद नाही. उषाचं दप्तर जमिनीवर पडायचं आणि उंदीर पुस्तकं कुरतडायचे, तेवढ्यासाठी.

त्याला आता चार वर्षं झाली. माझ्यावर हिरवट काळपटपणा चढलाय. शेठ असते तर डोकं पुढं करावं लागलं असतं त्यांना. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात, वावरात, नावेत कुणी वडीलधाऱ्यानं एखादा खिळा ठोकून ठेवला असेल, तर त्याच्या पाया पडण्याआधी तो तिथंच का ठोकला, तेवढं विचारून घ्या. सांगणारं कुणी उरलं नसेल तर भार घालून बघा. पाहिजे तर तीन दिवस लागू द्या.

आता पाच वाजत आले. उषा शाळेतून येईल, पायरीवरूनच "आजी, भूक!" म्हणून ओरडेल आणि दप्तर माझ्या गळ्यात अडकवील. यंदा ती सहावीत गेली. पुस्तकं वाढली आहेत. भिंतीची माती जरा भुसभुशीत आहे, पण मी घट्ट धरून आहे.